पाऊस एका गावात, नळ दुसऱ्या गावात

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं. उत्तरं थोडीच आली, पण एकमेकांच्या शहरांना टोमणे मात्र पोतंभर आले, त्यामुळे या वेळचं सगळं सदर पाण्यालाच देऊन टाकलंय. पत्रं थोडी छाटलीयेत आणि शिव्या काढल्यात (सोलापूरकरांच्या जास्त होत्या, पण त्यांचा तेवढा हक्क बनतो).

प्रश्न (पुणे): मुंबईत एका दिवसात आमच्या महिन्याभराचा पाऊस पडतो, लोकल बंद, रस्त्यावर गुडघाभर पाणी आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी की दहा टक्के पाणीकपात कायम. एवढं पाणी जातं कुठं? आमच्याकडे पाऊस त्यांच्या निम्मा पण नाही, तरी नळ चालू. नियोजन म्हणतात ते हेच ना?

उत्तर: जातं कुठं म्हणजे, समुद्रात जातं. मुंबईला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता, पण कुलाब्यात आणि दादरमध्ये पडलेला पाऊस मुंबईकर पीत नाहीत हो. सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत दोनच, विहार आणि तुळशी, तेही इंग्रजांच्या काळातले आणि छोटे. दोन्ही काठोकाठ भरले तरी मिळून ३५-३६ हजार दशलक्ष लिटर, आणि मुंबई रोज उचलते ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास, म्हणजे हिशोब करा, नऊ दिवसांचं पाणी. म्हणून 'तुळशी ओव्हरफ्लो' असा फोटो आला की लोक विचारतात आता कपात मागे घ्या, आणि कपात काही हलत नाही. ती हलते शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडे पाऊस झाला की, कारण तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा हे सगळे तिकडे, ठाणे-पालघर-नाशिक जिल्ह्यांत. एकट्या भातसात मुंबईचा जवळजवळ निम्मा साठा असतो.

आणि पुणेकरांनी नियोजनाचा क्लास घेण्याआधी स्वतःचा नळ कुठून येतो ते बघावं. शिवाजीनगरला जे सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतं त्यावर पुणं जगत नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या चार धरणांत मिळून २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) मावतं आणि ते भरतं घाटमाथ्याला टेकलेल्या मुळशी-वेल्ह्याच्या पावसावर, जो पुण्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे दोन्ही शहरं दुसऱ्याच्या तालुक्यातला पाऊस पितात, फरक एवढाच की पुण्याचा तालुका जवळ आहे आणि त्यामुळे तो आपलाच वाटतो.

प्रश्न (शहापूर): वरच्या उत्तरात आमच्या तालुक्याचं नाव येणार हे माहितीच होतं. भातसा आमच्याकडे, तानसा आमच्याकडे, मुंबईच्या पाईपलाईनी आमच्या रस्त्याशेजारनं जातात, आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावर टँकर आमच्याकडेच. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, बरोबर नाहीये, आणि यात 'दुसरी बाजू' वगैरे मांडायचा उत्साह आम्हाला नाही. फक्त असं का होतं ते सांगतो. धरण खाली खोऱ्यात असतं आणि पाडे वर टेकाडावर. मुंबईकडे पाणी बरंचसं उतारानेच जातं, पाड्यावर चढवायचं तर पंप हवा, लाईट हवी, लाईटचं बिल भरणारी ग्रामपंचायत हवी, आणि यातलं एक जरी अडलं की योजना कागदावर चालू आणि नळ कोरडा. शिवाय खाली काळा कातळ, अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी तो मुरत नाही, वाहून जातो, दिवाळीपर्यंत विहिरीला पाणी आणि शिमग्याला तळ. आणि धरण बांधताना ते कुणासाठी हे कागदावर ठरलेलं असतं, तिथे शेजारचं गाव हा लाभार्थी नसतोच, तो 'बाधित' असतो. मुंबईत पाणीकपात झाली की पहिल्या पानावर बातमी येते, शहापूरच्या टँकरची बातमी आतल्या पानावर आणि तीही दरवर्षी तीच.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आशिया खंडातलं मोठं मातीचं धरण म्हणून शाळेत आम्हाला जायकवाडी शिकवलं, सहलीला पण तिकडेच नेलं. घरी मात्र पाणी पाच-सहा दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. पाण्याच्या दिवशी पाहुण्यांकडे जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, एक माणूस घरात पाहिजेच. नाशिक-नगरवाले वर पाणी अडवतात म्हणूनच ना हे सगळं? त्यांच्याकडे रोज नळ आणि आम्ही ड्रम भरतोय.

उत्तर: हे पत्र सगळ्यात जास्त लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत पाठवलं, म्हणून जरा नीट बसून आकडे मांडू, कारण यात दोन वेगळी भांडणं एकात एक अडकलीयेत आणि ती तशी अडकलेली असणं बऱ्याच पुढाऱ्यांच्या सोयीचं आहे.

पहिलं भांडण धरणाचं, आणि त्यात तुमची बाजू खरी आहे. जायकवाडीची मूळ आखणी झाली तेव्हा वरून जेवढं पाणी येईल असं धरलं होतं तेवढं येत नाही, कारण वर गोदावरी, दारणा, प्रवरा, मुळेवर धरणं झाली, कालवे झाले, ऊस आला, द्राक्षं आली. म्हणून २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं, मग २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीचा अहवाल, त्यात साधारण सूत्र असं की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. वरच्यांनी कोर्टात नेलं, २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने समन्यायी वाटप उचलून धरलं. २०१५ ला सोडलं, २०१८ ला सोडलं, २०२३ ला साडेआठ टीएमसीच्या वर सोडायचा आदेश निघाला आणि प्रत्येक वेळी तोच सीन, वर रास्ता रोको, खाली रास्ता रोको, मध्ये पोलीस.

आता दुसरं भांडण, तुमच्या नळाचं. जायकवाडीत एकूण मावतं १०२ टीएमसी, त्यात मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहणारं पाणी, २६, म्हणजे उपयुक्त ७६ च्या आसपास. मुंबईचे सातही तलाव एकत्र केले तरी ५१ टीएमसी होतात, म्हणजे तुमच्या शेजारी मुंबईच्या दुप्पट पाणी मावणारं भांडं आहे. शहराला किती लागतं? रोजचे १३० एमएलडी (दशलक्ष लिटर) धरले तर वर्षाला पावणेदोन टीएमसी पण होत नाही. मागणी दुप्पट धरा, साडेतीन धरा. नाशिकने एका वर्षी एक थेंब सोडला नाही असं समजा, तरी शहराला प्यायला पुरेल एवढं धरणात असतंच, आणि धरण १०० टक्के भरून दरवाजे उघडलेल्या वर्षी तुमच्याकडे पाणी रोज आलं का? नाही आलं. कडक उन्हाळ्यात त्या पसरट जलाशयातून रोज जेवढं पाणी वाफ होऊन उडतं ते तुमचं शहर उचलतं त्याच्या कितीतरी पट असतं.

मग अडलंय कुठं, तर पाईपमध्ये. जायकवाडी पैठणला, पैठण खाली, शहर वर, पाणी पंपाने चढवत आणायचं, मध्ये फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून पुढे परत चढ. मुख्य भार वर्षानुवर्षं ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या लाईनींवर, शहर वाढत गेलं आणि लाईनी बराच काळ तेवढ्याच राहिल्या. तिकडे तासभर लाईट गेली की नुसता तासभर पुरवठा जात नाही, रिकाम्या लाईनी परत भरेपर्यंत अख्ख्या शहराचं वेळापत्रक एक दिवस पुढे ढकललं जातं, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त अनुभवलंय. जुन्यांच्या जोडीला नवी मोठी लाईन टाकायची, त्या समांतर जलवाहिनीचा खेळ दहा वर्षं चालला आणि शेवटी तो करारच रद्द झाला. मग २०१९ ला १,६८० कोटींची नवी योजना, अडीच मीटर व्यासाचा पाईप, तिचा आकडा पुढे २,७४० कोटींवर गेला. हे पैसे, ही दिरंगाई, हे ठेके, यातलं काहीच नाशिकमध्ये ठरलेलं नाहीये. नाशिकवर चिडायला कुणी मनाई केलेली नाही, शेतीच्या पाण्यासाठी चिडा, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यासाठी तर जरूर चिडा, पण ड्रम भरताना चिडायचं असेल तर पत्ता शहरातलाच आहे.

(जाता जाता, याच शहरात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहर-ए-अंबरी आणली, जमिनीखालून, उताराने, पंप नाही लाईट नाही. पाणचक्की बघायला आलेले पाहुणे हे ऐकून 'वा' म्हणतात आणि यजमान घड्याळ बघतो, पाणी यायची वेळ झालेली असते.)

प्रश्न (नाशिक): आम्ही पाणी सोडतो त्यातलं किती पोचतं हे पण लिहा. निम्मं तर नदीतच मुरतं. आमच्या बागा वाळवून त्यांच्या उसाला पाणी का द्यायचं? आणि गंगापूर धरण केवढंसं, साडेपाच टीएमसी, त्यावर सगळ्यांचा डोळा.

उत्तर: मुरतं हे खरं आहे. कोरड्या नदीत पाणी सोडलं की आधी वाळू पिते, मग डोह, मग कोल्हापूर टाईप बंधारे, मग काठावरच्या मोटारी, म्हणून तर विसर्ग चालू असताना नदीकाठची लाईट बंद ठेवावी लागते आणि बंधाऱ्यांच्या फळ्या काढून ठेवाव्या लागतात. पण यावर उपाय पाणी न सोडणं हा नाही, वेळेत सोडणं हा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदी ओली असताना सोडलं तर कमी मुरतं, आणि दरवेळी कोर्टकचेरी करत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. आणि उसाचं म्हणाल तर ऊस वरही आहे आणि खालीही आहे, त्यावरून दोघांनीही तोंड उघडू नये असं आमचं मत.

आता आमचा उलटा प्रश्न. 'नाशिक' म्हणजे नक्की कोण? इगतपुरीला तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात सिन्नर-येवल्याला पाचशेच्या आसपास. मनमाडला वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा वीस-वीस दिवसांनी पाणी मिळालंय, पालखेडच्या आवर्तनाकडे, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याकडे, डोळे लावून. हे नाशिक जिल्ह्यातलंच गाव आहे ना? तिथल्या माणसाला संभाजीनगरचा ड्रमवाला जवळचा वाटेल की गंगापूर रोडवर गाडी धुणारा? आणि एक गंमत, अप्पर वैतरणा तुमच्याच इगतपुरी तालुक्यात, ते पाणी मुंबईला जातं, त्यावर एक पण पत्र आलं नाही.

प्रश्न (सोलापूर): पुण्याने आमचं पाणी प्यायचं आणि आमच्याकडे काय सोडायचं ते आम्हाला माहितीये. उजनी राज्यातलं एवढं मोठं धरण आणि सोलापूरला चार-पाच दिवसांनी पाणी.

उत्तर: काय सोडायचं ते छापत नाही, पण पुण्याच्या मुळा-मुठेचा वास दौंडपर्यंत येतो हे सगळ्यांना माहितीये.

सोलापूरकर हा महाराष्ट्रातला एकमेव माणूस असेल जो स्वतःच्या आभाळाकडे कमी आणि दौंडहून उजनीत येणाऱ्या विसर्गाच्या आकड्याकडे जास्त बघतो. जिल्ह्यात पडतं साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यावर उजनी भरत नाही, ते भरतं मावळ, मुळशी, भीमाशंकरच्या पावसावर, आणि तेही वरची धरणं भरल्यावर. २०२४ चं बघा, उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्या खाली, मग २५ जुलैला पुण्यात खडकवासल्याचा विसर्ग वाढला, सिंहगड रोडला एकतानगरीत लोक घरात अडकले, बोटी आणाव्या लागल्या, आणि इकडे व्हॉट्सॲपला दौंडचा क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा दर तासाला फिरतोय, लोक खूश. दोष कुणाचाच नाही, नदीच तशी आहे. ऑगस्टमध्ये तर उजनी भरलं पण.

उणे म्हणजे काय असं एका वाचकाने वेगळं विचारलंय ते इथंच सांगतो. उजनीत एकूण ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ मृतसाठा, म्हणजे निम्म्याहून जास्त. उपयुक्त ५३ संपले की शून्य धरतात आणि मृतसाठ्यातून घ्यायला लागले की उणे. पाणी असतं, पण कालव्याच्या तोंडाच्या खाली. शहरासाठी मग भीमा नदीतून सोडायचं, टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत, आणि सोलापूरला वर्षाला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावं लागायचं. थेट उजनीपासून दुसरी १७० एमएलडीची समांतर लाईन त्यासाठीच टाकली. पण धरणातून पाणी आणलं तरी ते गल्लीत पोचवणारे आतले पाईप आणि टाक्या जुन्याच असतील तर दिवसांचं अंतर पटकन कमी होत नाही, संभाजीनगरचं दुखणं तेच.

आणि पुण्याशी भांडताना भीमेच्या खोऱ्यातलं एक जुनं खातं पण उघडा. मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण ही टाटांची धरणं, पाऊस पडतो पूर्वेकडे वाहणाऱ्या खोऱ्यात आणि पाणी घाटाखाली सोडलं जातं पश्चिमेला, वीज करायला, शंभर वर्षं झाली. मुळशीला सेनापती बापटांनी सत्याग्रह केला १९२१ ला तो याच धरणाविरुद्ध. कोयनेचं पण तसंच, ६७ टीएमसीच्या वर पाणी वीज करून वाशिष्ठीला मिळतं. दुष्काळात हे पाणी पूर्वेला वळवा अशी मागणी दरवेळी होते आणि पाऊस आला की विसरली जाते.

प्रश्न (पुणे, वाघोली): मी पुण्यात राहते असं सगळे म्हणतात. आमच्या सोसायटीत वर्षभर टँकर आहे. मेंटेनन्सचा मोठा भाग त्यातच जातो. पेठेत माझी मावशी राहते, तिच्याकडे नळ उघडा ठेवून भांडी घासतात. आम्ही कुठल्या पुण्यात?

उत्तर: टँकरच्या पुण्यात. ताई, खरं सांगायचं तर या सदरात आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं तुमचं, कारण शहराची सरासरी काढली की पुणेकर दरडोई भरपूर पाणी वापरतो, सरकारी निकष १३५ लिटरचा आणि पुण्याची सरासरी त्याच्या बरीच वर, आणि पाटबंधारे खातं तेच दाखवून म्हणतं की कमी उचला. त्या सरासरीत तुमची मावशी पण आहे आणि तुम्ही पण. बाहेरच्या भागात बांधकामाला परवानगी देताना 'पाण्याची सोय होईपर्यंत आम्ही करू' असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं, मग बिल्डर निघून जातो आणि हमीपत्र फायलीत राहतं.

धरण जवळ असून पण उपयोग नसतो. जानेवारी २०२५ ला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट जिथे वाढले ते किरकटवाडी, नांदेड, धायरी, सगळं खडकवासल्याच्या पायथ्याशीच, आणि संशय पाण्यावरच गेला.

एकाच गल्लीत पण हेच असतं. व्हॉल्व्हमन चावी फिरवतो, पहिली दहा-पंधरा मिनिटं नळातून नुसती हवा येते, मग ज्यांनी थेट लाईनला मोटर लावलीये ते ओढतात, आणि टोकाच्या घराला करंगळीएवढी धार येईपर्यंत वेळ संपलेली असते. पुरवठा बंद असताना पाईपमधला दाब जातो, फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत येतं, म्हणून सुरवातीचं पाणी गढूळ दिसतं ते भरू नका. मुंबईत तर वर्षानुवर्षं कागदावरच इमारतीला माणशी १३५ आणि झोपडपट्टीला ४५ लिटर असा हिशोब होता, आणि अनधिकृत झोपडीला पाणी द्यायचं की नाही यासाठी हायकोर्टात जावं लागलं, डिसेंबर २०१४ ला कोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी पाणी नाकारता येणार नाही. भांडुपला पाणी शुद्ध होतं, आणि तिथून जवळच्याच एखाद्या टेकडीवरच्या वस्तीत बायका पहाटे हंडे घेऊन खाली उतरतात. यात मुंबई विरुद्ध पुणे काय करणार?

प्रश्न (सातारा): महाबळेश्वर आणि दहिवडी एकाच जिल्ह्यात. आम्ही कुणाशी भांडायचं?

उत्तर: आपापसात. तिकडे साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, इकडे माणमध्ये पाचशेच्या आतबाहेर, पालकमंत्री एकच.

प्रश्न (लातूर): २०१६ ला आमच्याकडे रेल्वेने पाणी आणलं होतं. ते कायमचं का नाही करत? ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी पाठवावं.

उत्तर: जलदूत, त्या गाडीचं नाव. एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघाली, कृष्णेचं पाणी, सुरवातीला दहा वाघिणी म्हणजे पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणी, २५ लाख लिटर. देशभर फोटो गेले. त्याआधी मार्चमध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लावलं होतं, टँकर भरायच्या जागी मारामारी होईल म्हणून.

आता आकडा. लातूर शहर चार लाखांचं धरलं तर २५ लाख लिटर म्हणजे माणशी सहा लिटर, सकाळी तोंड धुऊन चहा पिऊन संपलं. मुंबईची एका दिवसाची गरज अशा गाड्यांनी भागवायची ठरवली तर रोज पंधराशेच्या वर गाड्या लागतील. त्या वर्षी गाडीने जीव वाचवला हे नक्की, मिरजेत दिवसरात्र राबलेल्या लोकांना मानलं पाहिजे, पण सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून वाघिणीतून आणलेलं पाणी हा पुरवठा होत नाही. आणि ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी पाठवावं म्हणता, तर लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचं पाणी संपत असताना खोऱ्यात ऊस उभा होताच आणि साखर कारखान्यांची धुराडी पेटत होती. मिरजेला विचारायच्या आधी हा प्रश्न लातूरमध्येच विचारायचा होता, तो विचारला गेला नाही. २०१६ च्या परतीच्या पावसात मांजरा भरलं आणि पुढच्या हंगामापासून उसाच्या लागणी परत सुरू झाल्या.